बेचाळीस दिवसांचं कार्ड

डॉ. वृंदा खळदकर गेल्या त्याला आज पाच आठवडे झाले. बातमी मला कंपनीच्या पार्किंगमध्ये कळली. गाडी लावून हेल्मेट काढत होतो, तेवढ्यात प्राजक्ताचा फोन आला. प्राजक्ता म्हणजे त्यांच्या दवाखान्यातली दुसरी फिजिओथेरपिस्ट, मॅडमच्या हाताखाली शिकून तिथेच राहिलेली. "काका, मॅडम गेल्या," एवढंच ती म्हणाली. मेंदूत रक्तस्राव, दोन दिवस बेशुद्ध, वय त्रेपन्न. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की हेल्मेट मी उजव्या हाताने काढलं होतं, डोक्यावरून, सहज. तीन वर्षांपूर्वी हा हात खांद्याच्या वर जात नव्हता. तो ज्यांनी वर नेला त्यांच्याशी मी सलग बेचाळीस दिवस खोटं बोललो, आणि ते कबूल करायचं राहून गेलं. बाकीच्यांनी त्यांच्याविषयी चांगलं लिहिलं आहे, ते सगळं खरं आहे. मला हे लिहायला हवं.

त्यांचा दवाखाना तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या एका गावात आहे. दोन खोल्या आणि मागे पत्र्याची शेड. खोल्यांत माणसं, शेडमध्ये जनावरं. जनावरांचं काम त्यांनी ठरवून सुरू केलं नव्हतं. गावातल्या किसनआबांचा सर्जा नावाचा बैल कंपनीच्या पाइपलाइनसाठी खणलेल्या चरात पडला. हाड मोडलं नव्हतं, पण मागचा पाय तो टेकवेना. गुरांच्या डॉक्टरांनी औषधं दिली आणि म्हणाले, आता याला व्यायाम हवा, तो काही मला येत नाही, बाईंना विचारा. बाईंनी आठ दिवस पुस्तकं वाचली, त्या डॉक्टरांना शंभर प्रश्न विचारले आणि मग बैलाला हात लावला. पुढे कुत्री आली, एक घोडी आली, पण गुरांच्या डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय त्या एकाही जनावराला घेत नसत. त्यांची एक सवय होती. कोणालाही हात लावण्याआधी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळायचे आणि स्वतःच्या गालाला लावून बघायचे, गरम झाले का. माणूस असो की बैल, थंड हात त्यांनी कधी लावला नाही. मला ते पहिल्या दिवशी जरा विचित्र वाटलं होतं… नंतर मी त्याची वाट बघू लागलो.

मी सव्वीस वर्षं तपासणी विभागात आहे. माझं काम म्हणजे माप घेणं, ते लिहिणं आणि दुसऱ्याने लिहिलेलं माप खरं आहे का ते बघणं. माझा खांदा जाम झाला तेव्हा मॅडमनी कोनमापक लावून मोजलं. हात पंच्याऐंशी अंशांपर्यंत जात होता. त्यांनी मला भिंतीसमोर उभं केलं, बोटांनी भिंत चढत जायला सांगितलं आणि जिथे बोटं थांबली तिथे पेन्सिलीने रेघ मारली. हे घरी रोज तीन वेळा, प्रत्येक वेळी दहादा करायचं. म्हणजे दिवसाला तीस. त्यांनी एक कार्ड दिलं, बेचाळीस चौकटींचं. रोजचा आकडा रोज लिहायचा. दर आठवड्याच्या खाली 'तपासले' असं छापलेलं होतं, तिथे त्या हिरव्या शाईने सही करत. मी कुठे काम करतो हे ऐकून त्या म्हणाल्या, "मग तुमच्या कार्डाची मला काळजी नाही."

पहिले नऊ दिवस मी व्यायाम केला, रोज दहा-बारा वेळा तरी; कार्डावर मात्र तीसच्या आसपास लिहिलं. फार दुखायचं. मग कंपनीत ऑडिट लागलं, घरी आल्यावर सोफ्यावरून उठवेना आणि भिंत तशीच राहिली. रविवारी सकाळी, मॅडमकडे जायच्या आधी, मी सगळा आठवडा एका बैठकीत भरू लागलो. आता जे लिहितो आहे त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. खोटं रीडिंग कसं दिसतं हे मला माहीत होतं. सगळे आकडे सारखे असले की संशय येतो. तेवढ्याच कारणासाठी मी लाइनवरच्या माणसांचे तक्ते परत पाठवले आहेत. म्हणून मी तीस, अठ्ठावीस, तीस, सत्तावीस असं लिहिलं. दोनदा पेन बदललं. एका चौकटीत 'जमले नाही' असंही लिहिलं, कारण खऱ्या कार्डात असा एखादा दिवस असतोच. मॅडमनी तो दिवस वाचला आणि "हे आवडलं," म्हणाल्या. खाली हिरवी सही केली.

सर्जा आणि मी एकाच आठवड्यात तिथे आलो होतो. किसनआबांना लिहिता येत नव्हतं. बैल जेवढी पावलं न लंगडता टाकी तेवढ्या रेघा ते गोठ्याच्या दारावर खडूने ओढत आणि रविवारी येऊन तोंडी सांगत. कमी झाली तर कमी सांगत. एका रविवारी माझ्या शेजारी बाकावर बसून म्हणाले, "सायेब, सर्जा वढ्यापतुर जाऊन यायला लागला. तुमचं घोडं कुटं आडलंय?" मी म्हटलं, वय झालं आबा. "मग सर्जा काय कालचा हाय व्हय?" ते म्हणाले. बाकावरचे सगळे हसले. मीही हसलो.

बेचाळिसाव्या दिवशी मॅडमनी पुन्हा कोन मोजला. नव्वद. फक्त पाच अंश. त्यांनी कार्ड हातात घेतलं, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि पुन्हा वरपासून वाचायला लागल्या. मला वाटलं, पकडला गेलो. गेलो असतो तर मला बरंच वाटलं असतं. पण त्या म्हणाल्या, "मोकाशी, तुम्ही सुटलेला दिवससुद्धा लिहिता. तुमच्यासारख्या माणसाचा हात एवढाच सरकतो, म्हणजे चूक माझ्या पद्धतीत आहे." मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच माहीत नाही. शेडमधली जनावरं त्यांच्या हाताखाली सुधारत होती, घरी व्यायाम दिलेला माणूस सुधारत नव्हता. त्यांनी त्यातून अर्थ काढला आणि घरी कार्ड देणं बंद केलं. यापुढे ज्याला व्यायाम हवा त्याने आठवड्यातून तीन दिवस दवाखान्यात यायचं. माझं कार्ड त्यांनी स्वतःच्या टेबलासमोर पिनेने टाचून ठेवलं. का, असं प्राजक्ताने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पेशंटला दोष देण्याआधी मला हे दिसलं पाहिजे."

महिनाभराने लताबाई आल्या. मूळच्या लातूरकडच्या, चाकणला पॅकिंग लाइनवर काम करणाऱ्या. मनगट मोडून जुळलेलं, पण वळत नव्हतं. दोनदा आल्या, तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी तिथेच बसलो होतो. त्या म्हणाल्या, "मॅडम, घरीच करायचं लिहून द्या की. रोज करते मी. अजून अर्धा दिवस मागितला तर सुपरवायझर येऊ नको म्हणालाय." मॅडमचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "घरी देऊन उपयोग होत नाही बाई. मी बघितलंय." आणि त्यांची नजर समोरच्या कार्डाकडे गेली. तिथून ती माझ्याकडे आली असती तर मी बोललो असतो असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. ती आली नाही. मी मोबाइल काढून बघत बसलो. लताबाई चौथ्यांदा आल्या नाहीत.

त्या दिवसापासून मी घरी व्यायाम सुरू केला. खरा. रोज तीस, मोजून. आठ आठवड्यांत हात एकशे पन्नासपर्यंत गेला. म्हणजे मॅडमची पद्धत बरोबर होती, आणि हे सिद्ध करणारा आकडा, घरचे ते रोजचे तीस, फक्त माझ्याजवळ होता. तो मी दिला नाही. त्यांना वाटलं, दवाखान्यात येण्याचा गुण आला. त्यांचा त्या निर्णयावरचा विश्वास आणखी पक्का झाला.

शेवटची भेट चाकणच्या बाजारात झाली, त्या जाण्याआधी साधारण महिनाभर. त्या बटाटे निवडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "दाखवा." मी पिशवी खाली ठेवून हात सरळ वर केला. त्यांनी पिशवीवाल्या हातांनी टाळी वाजवल्यासारखं केलं आणि बटाटेवाल्याला सांगितलं, "हा माझा सगळ्यात प्रामाणिक पेशंट." हात तसाच वर होता… मी तो खाली घेतला आणि बटाट्याचा भाव विचारला.

गेल्या रविवारी मी दवाखान्यात गेलो. मागे शेडमध्ये प्राजक्ता एका कुत्र्याचा मागचा पाय हळूहळू वाकवत होती. तिने आधी तळवे गालाला लावले असतील का, असं मनात आलं. मॅडमच्या टेबलावर काही नव्हतं, समोर कार्ड तसंच होतं. मी प्राजक्ताला विचारून ते काढलं आणि पेन घेऊन बसलो. आमच्याकडे चुकीचा आकडा दुरुस्त करायचा नियम आहे. खोडरबर नाही, व्हाइटनर नाही. जुना आकडा वाचता येईल अशी एकच आडवी रेघ, शेजारी खरा आकडा, सही, तारीख. पहिले नऊ दिवस मला आठवत होते, ते लिहिले. ऑडिटच्या अकरा दिवसांचं नक्की शून्य होतं. उरलेले बावीस दिवस आठवेनात. तिथे अंदाजे आकडा घालणं म्हणजे पुन्हा तेच करणं. तिथे बावीस वेळा 'आठवत नाही' लिहिलं.

प्राजक्ता हात धुऊन आली, तिने ते कार्ड उभ्यानेच वाचलं. मी तिला सगळं सांगितलं. ती मला बरं वाटेल असं काही बोलली नाही. कार्ड टेबलावर ठेवून म्हणाली, "लताबाईंना मी फोन केला होता, का येत नाही म्हणून. त्या म्हणाल्या, मनगटाची आता सवय झाली." मग तिने टेबलाचा खालचा खण ओढला, कोऱ्या कार्डांचा जुना गठ्ठा बाहेर काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि लताबाईंचा नंबर शोधू लागली.

मी कार्ड होतं तिथेच परत टाचलं. नियमाप्रमाणे दुरुस्तीखाली आणखी एक सही लागते, ज्यांनी आधी तपासलं त्यांची. खोट्या आकड्यांखाली त्यांच्या सहा हिरव्या सह्या आहेत. दुरुस्तीखालची जागा मी कोरी सोडली आहे.