घोडीचं डोहाळजेवण

माझ्या धाकट्या जावेची घोडी गाभण राहिली आणि माझी राहिली नाही, हे मला अजूनही सहन होत नाही. एकाच हंगामात आम्ही दोघींनी आपापली घोडी रिठद गावच्या एकाच घोड्याकडे नेली. मी माझीला घोडा दाखवून संध्याकाळी परत आणली. तिनं तिची माज ओसरेपर्यंत तिथंच ठेवली. तिची फळली, माझी रिकामी राहिली.

दोन्ही दावणींमध्ये तुराट्यांचा एक बुटका कूड. त्यामुळं ते वाढतं पोट मला रोज दिसायचं. माझी घोडी पांढरीशुभ्र, वाशीमच्या वरातींत तिलाच मागणी. तिची तांबडी, बँड वाजला की बुजणारी. पण आता येणारा जाणारा तांबडीपाशीच थांबायचा.

मग जावेनं घोडीचं डोहाळजेवण काढलं. बाईचं सातव्यात करतात. घोडी अकरा महिने घेते, म्हणून हिनं नववा धरला. पाठीवर हिरवं लुगडं, गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला कुंकू. गल्लीतल्या बायका जमल्या. मला सगळ्यांत शेवटी बोलावणं आलं. एकेक जण ओटीचे गहू आणि गूळ घोडीपुढं धरत होती, वर पुरणपोळी चारत होती.

मी म्हटलं, "काय करून राह्यल्या वं तुमी? घोडी आहे ते, सून नाही. एवढं धान्य खाल्लं तं पोट फुगते तिचं. घोड्याले ओकता येत नाही."

जाऊ म्हणाली, "बाई, तुमची फळली असती तं तुमीबी हेच केलं असतं."

"माझी फळली असती तं कडबा-कुटार खाऊन सुखात राह्यली असती."

शेजारची म्हातारी नाक वर करून म्हणाली, "जळल्याचा वास येऊन राह्यला, बाप्पा. कोणाच्या चुलीवर काही राह्यलं काय?"

बायका खदखदून हसल्या. मी जळत होतेच. पण जळणारी बाई खोटंच बोलते असं थोडंच आहे? पोळ्या चालूच राहिल्या, मी निघून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुडापलीकडून जावेची हाक आली. "बाई, लवकर या ना! घोडी कशी करून राह्यली पाहा!"

घोडी खुरानं माती उकरत होती, मान वळवून कुशीकडं पाहत होती, आडवी पडत होती, उठत होती. अंगाला घाम. लीद नाही. आधी मला बरंच वाटलं. मग पोटाला हात लावला, ते ढोलासारखं तट्ट होतं, आणि बरं वाटणं तिथंच संपलं. घोडी गेली तर पोटातलंही जाणार होतं.

दीर बांबूच्या नळ्यात गोडेतेल भरून आला. मीच घोडीचं तोंड वर धरलं. तेवढ्यात दिरानंच बोलावलेला जनावरांचा डॉक्टर मोटरसायकलवरून उतरला आणि ओरडला, "ओतू नका! तेल छातीत गेलं तर घोडी हातची जाईल." आम्ही आयुष्यभर असंच पाजत आलो होतो. त्यानं नाकातून रबरी नळी पोटात घातली, औषध सोडलं, सुई दिली. म्हणाला, दाणा बंद, लोळू देऊ नका, हळूहळू फिरवा.

दीर दमला, मग आम्ही दोघी जावा फिरवत राहिलो.

"बाई, पिल्लू वाचीन ना?"

"मले काय विचारतेस? मी तं जळकी."

"सांगा ना, बाई."

मी कुशीवर हात ठेवला. आतून धक्का बसला. "लाथा मारून राह्यलं. तुझ्यावानीच आहे."

ऊन कललं तेव्हा घोडीनं लीद टाकली. जाऊ त्या लिदीपाशी बसून रडली. लीद पाहून रडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

दिवस भरले आणि घोडी व्याली. मादी शिंगरू. गळ्याखाली देवमन, तो केसांचा शुभ भोवरा. ओटी भरली म्हणूनच देवमन आलं, असं जाऊ गल्लीला सांगत सुटली. त्या म्हातारीनं मान डोलावली. माझ्या फेऱ्यांचं कोणी नाव काढलं नाही.

शिंगरू उठलं, पडलं, पुन्हा उठून आचळाला लागलं.

"या ना बाई, हात फिरवा."

"आधी वार पडू दे. मंग कर कौतुक."

वार पडली. कुठं तुटून आत राहिली नाही ना, ते मी जमिनीवर पसरून पाहिलं आणि घरी निघाले. इतकं देखणं शिंगरू आमच्या दावणीला कधी जन्मलं नव्हतं. जास्त वेळ पाहवलं नाही.