खाडीवरची बदकं

आज समुद्रावरून ओल्या शेवाळाचा वास आला आणि सौदीतल्या यान्बू शहरातल्या आमच्या खोलीतली एक जुनी शुक्रवारची दुपार आठवली. माझ्याबरोबर तेव्हा श्रीवर्धनकडचे एक वयस्कर वेल्डर राहायचे. त्यांना मी चाचा म्हणायचो. जेवणं झाली की ते गावच्या खाडीवर तरुणपणी केलेल्या बदकांच्या शिकारीच्या गोष्टी सांगत आणि मी त्या मोबाइलवर लिहून त्यांच्या घरच्या ग्रुपवर टाकत असे. त्या दुपारी त्यांनी सांगितलं, की पहाटे ते आणि त्यांचे थोरले भाऊ कंबरभर पाण्यात उभे होते, थवा अगदी डोक्यावरून गेला आणि चाचांनी एका बारात दोन बदकं पाडली. मी ते लिहून पाठवलं. थोड्या वेळाने भावाचा व्हॉइस मेसेज आला, “लिहिणाऱ्याला सांग, एकही पडलं नाही. याच्या हातातली बंदूक मात्र चिखलात पडली.” खोलीतले सगळे हसले. चाचाही हसले, मग म्हणाले, “परत लाव.” मी लावला. “अजून एकदा.” तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ते भावाचं बोलणं ऐकतच नव्हते. त्या आवाजामागे भरतीचं पाणी बांधाला लागत होतं आणि लांब कुठेतरी बदकं ओरडत होती. “तिथेच उभा आहे तो,” चाचा हळूच म्हणाले आणि बराच वेळ फोन कानाशी धरून बसले. आता ते कायमचे गावी गेलेत. मी घाटावरचा माणूस, ती खाडी कधी पाहिलेली नाही. तरी तिची आठवण येते, घरची यावी तशी.