भावाचे एकशे बारा हुकूम

एरंडोलजवळ जीप उलटली. माझा धाकटा भाऊ वाचला, पण दोन्ही हात खांद्यापासून लुळे पडले. जळगावला बियाण्यांच्या एका कचेरीत तो इंग्रजी पत्रव्यवहार बघायचा. मामेभावानं परदेशातून बोलून टाइप करायचं सॉफ्टवेअर आणून दिलं, म्हणून नोकरी टिकली. नव्वदीची शेवटची वर्षं ती. लोक खिडकीतून बघायला यायचे.

पत्र तो इंग्रजीत सांगायचा, एकेक शब्द, थांबत थांबत. हुकूम मात्र घरच्या बोलीत. त्या प्रोग्रामला प्रत्येक हुकूम तीनदा बोलून शिकवावा लागे, भाषेशी त्याला घेणंदेणं नव्हतं. 'आठे ये' म्हटलं की कर्सर पत्राच्या सुरुवातीला. 'बठ्ठं पुसी टाक' म्हटलं की पान कोरं. संध्याकाळी 'चाल आते घर' म्हटलं की मशीन बंद. दोन वर्षांत असे एकशे बारा हुकूम जमले.

मग मालकांनी नवा कॉम्प्युटर घेतला, जुना कॉम्प्युटर दुकानदार बदल्यात घेऊन गेला. फ्लॉपीवर उतरवलेली हुकमांची जुनी फाईल नव्या प्रोग्रामला चालेना. मालक सरळच म्हणाले, "सोमवारी मुंबईची मंडळी येताहेत. त्यांच्यासमोर याला जमलं तर ठीक, नाहीतर मी टायपिस्ट ठेवतो."

मी धुळ्याला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. म्हटलं, मी करते.

भाऊ आठवडाभर धरणगावला मामाकडे होता. मी रोज कचेरीत बसून एकेक हुकूम नव्या पद्धतीनं लिहून काढत होते. एक कंस राहिला की अख्खी फाईल अडायची. आणि तेवढ्यात मला वाटलं, पाहुण्यांसमोर हा 'पुसी टाक' म्हणणार? धुळ्याच्या कॉलेजात एकदा माझ्या तोंडून 'आहे'च्या जागी 'शे' निघालं होतं, तर वर्ग वर्षभर हसला होता. मी त्याला विचारलं नाही. एकशे बाराच्या एकशे बारा हुकूम इंग्रजी केले. फ्लॉपी वाया कशाला घालवायची, म्हणून जुन्या फाईलवरच नवी चढवली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

रविवारी तो आला. मी यादी कचेरीच्या भिंतीला चिकटवली होती. त्यानं ती वरपासून खालपर्यंत वाचली.

"अक्का, मन्हा शब्द कोठे गयात?"

"पाठ कर. चारचौघांत नीट बोलावं माणसानं."

रात्रभर तिथंच बसून त्यानं पाठ केलं.

सोमवारी पहिलं पत्र बरं झालं. दुसऱ्यात एक ओळ चुकली. मुंबईचे दोघे खुर्च्या सरकवून जवळ आले आणि तो घाबरला. घाबरल्यावर माणूस घरचंच बोलतो. "बठ्ठं पुसी टाक," तो म्हणाला. मशीननं त्याचं काहीतरी वेडंवाकडं इंग्रजी करून पत्राखाली छापलं. तो पुन्हा म्हणाला, पुन्हा एक ओळ वाढली. पाच-सहा ओळी झाल्या तेव्हा एक पाहुणा हसला. भाऊ खुर्चीत मागे सरकला. मग हळूच म्हणाला, "चाल आते घर."

तीही ओळ छापली गेली. तो उठला आणि बाहेर गेला.

मी मशीन बंद केलं, भिंतीवरची यादी काढली, टेबल पुसलं. मला काहीच वाटत नव्हतं. वाटायला हवं हे कळत होतं, पण वाटत नव्हतं. पुढच्या सोमवारी टायपिस्ट आला.

घरात, शेजारी, भाच्यांशी भाऊ अजून आपल्या बोलीतच बोलतो. माझ्याशी मात्र त्या दिवसापासून पुस्तकातलं मराठी.

"ताई, मला थोडं पाणी मिळेल का?" असं म्हणतो.

मी पेला त्याच्या ओठांना लावते. अक्का म्हणून त्यानं मला परत हाक मारलेली नाही.