येसूबाईच्या होडीवरचा चेहरा

सोनू पेंटर पहिल्यांदा माझ्या नजरेत भरला तो त्र्याऐंशी सालच्या श्रावणात. भागोजी जाऊन काही महिने झाले होते आणि मी त्याच्या बायकोला, येसूबाईला, भेटायला खारवीवाड्यात गेलो होतो. किनाऱ्यावर ओढलेल्या तिच्या होडीपाशी एक किडकिडीत माणूस पाठमोरा बसून काहीतरी रंगवत होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो. त्याने मान न वळवता सांगितले, "गुरुजी, बाजूला व्हा. तुमची सावली त्याच्या नाकावर पडतेय."

मी बाजूला झालो. फळीवर भागोजी होता. पुढचा पडका दात, तंबाखूने फुगलेला गाल, आणि समोरच्याकडे रोखून पाहायची त्याची ती सवय. त्याची दोन्ही मुले माझ्या शाळेत होती. हा चेहरा मला चांगला ठाऊक होता.

भागोजी कसा गेला हे सगळ्या किनाऱ्याला माहीत आहे. यांत्रिक ट्रॉलरांनी किनाऱ्याजवळ येऊ नये असा नियम होता. तरी महिपतशेटचा ट्रॉलर पहाटे आत आला, त्याने भागोजीची जाळी तोडली आणि होडीला धडक दिली; भागोजी बुडाला. पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली. महिपतशेट मच्छीमार सोसायटीचे चेअरमन होते, आजही आहेत. पुढे दगडफेक झाली, एक ट्रॉलर जळला, बंदरावर पोलिसांची राहुटी पडली. वर्तमानपत्रांनी आमच्या किनाऱ्याला 'अशांत पट्टा' म्हटले. ज्यांनी अशांत केला त्यांची नावे मात्र छापली नाहीत.

सोनूने तो चेहरा शोभेसाठी काढला नव्हता. येसूबाईचा भाऊ जानू ती होडी घेऊन समुद्रावर जाई, आणि ट्रॉलर जवळ आला की नाळ, म्हणजे होडीचे ते रंगवलेले पुढचे टोक, त्याच्याकडे वळवी. ट्रॉलरवरचे खलाशी आपल्याच गावांतले, भागोजीबरोबर जेवलेले. ते तांडेलाला, म्हणजे ट्रॉलर हाकणाऱ्या मुख्याला, ट्रॉलर बाहेर घ्यायला लावत. पोलिसांना जमले नाही ते त्या फळीने केले.

पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात मुंबईच्या एका संस्थेचे चिटणीस आले. संघर्षाच्या प्रदेशातील माणसांची दुःखे उजेडात आणणाऱ्या कलावंतांसाठी त्यांचा पुरस्कार होता. मुंबईच्या एका फोटोग्राफरने काढलेल्या फोटोत त्यांनी भागोजीचा चेहरा पाहिला होता आणि सोनूची निवड केली होती. महिपतशेटनी त्यांना हार घातला, सोसायटीत चहा दिला आणि स्वागत समितीचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. भागोजीच्या चेहऱ्याचा सत्कार महिपतशेट करणार होते, आणि यात काही वावगे आहे असे त्या टेबलाभोवतीच्या एकाही माणसाला वाटले नाही.

मग सगळे होडीपाशी आले. नारळी पौर्णिमा आठवड्यावर होती. दरवर्षी त्या सुमाराला होडीचा जुना रंग खरवडतात, फटी बुजवतात, तेल देऊन नव्याने रंगवतात. तसे केले नाही तर लाकूड कुजते, कीड लागते. सोनू पत्रा घेऊन खरवडायलाच बसला होता. चिटणीस घाबरले. ही मूळ कृती आहे, म्हणाले, तिला हात लावू नका. डिसेंबरात समारंभ आहे, तोवर होडी छपराखाली ठेवा, नंतर ती फळी कापून प्रदर्शनात नेऊ.

सोनूने त्यांना शांतपणे समजावले. गेल्या वर्षी हा चेहरा खरवडून पुन्हा काढला होता, यंदाही काढीन, तुम्ही नवा बघून जा. चिटणीस म्हणाले, परीक्षकांनी फोटोतला निवडला आहे, नवा चालणार नाही.

डिसेंबरपर्यंत होडी वर म्हणजे येसूबाईच्या घरची चूल बंद. हे त्यांना कोणी सांगितले नाही असे नाही. मी सांगितले. ते मान हलवत राहिले आणि छपराची जागा बघत राहिले.

महिपतशेट येसूबाईकडे वळून हसत म्हणाले, "एक हंगाम होडी वर राहिली तर काय बुडतंय, वयनी? गावाचा नाव होईल."

"बुडायचा तो बुडला, शेट," येसूबाई म्हणाली. "आता होडी तरी तरंगू दे." मग तिने सोनूकडे पाहिले. "भावजी, खरवडा."

सोनूने पत्रा लावला. आधी कपाळ गेले, मग डोळे. चिटणीस त्याचा हात धरायला पुढे झाले. सोनू म्हणाला, "सायेब, तोंड माजा नाय, ता हिच्या घोवाचा हाय. कापून न्यायचा तर त्याला मारला त्याचा ट्रॉलर कापून न्या." महिपतशेट तेवढ्यात चपला शोधू लागले.

पौर्णिमेला होडी समुद्रात गेली, नाळेवर नवा भागोजी घेऊन.

पुरस्कार त्या फोटोग्राफरला मिळाला. फोटोखाली लिहिले होते, 'अनामिक कोळी चित्रकार'. सोनू कोळी नव्हता. आणि अनामिक कसला? त्याचे नाव चिटणिसांनी त्याच्याच तोंडून ऐकले होते. समारंभाला महिपतशेट पहिल्या रांगेत होते. दुःखे उजेडात आणायची म्हणतात ही माणसे, आणि ज्याने दुःख दिले त्यालाच दिव्याखाली खुर्ची देतात. चाळीस वर्षे मुलांना राग आवरायला शिकवला. हा मला आवरत नाही.

त्या वर्षापासून, सोनूकडून होडी रंगवून घेणाऱ्याला सोसायटीतून रंग आणि डिझेल मिळेनासे झाले. येसूबाई सोडून बाकीच्यांनी दुसरे पेंटर धरले. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनाही मुले आहेत.

सध्या सोनू हातखंब्याच्या नाक्यावर ट्रकांच्या नंबरपाट्या रंगवतो.