सूतक कुणाचं धरायचं

माझ्या दाजींना समुद्र मुळीच आवडत नव्हता. रामकुंडात बुडी मारता आली की पोहणं शिकून झालं, असं मानणारा पंचवटीचा माणूस. पण वायरमनला काम मिळेल तिथे जावं लागतं. एका ठेकेदाराबरोबर ते निकोबारला गेले, आणि डिसेंबर २००४ मधल्या त्या रविवारी भूकंप झाला, त्यामागून समुद्र वर आला, तेव्हा ते तिथेच होते.

तो शब्दही आमच्याकडे कुणाला धड येत नव्हता. पेपरात त्सुनामी छापून यायचं, गल्लीत तिची चुनामी झाली, आणि ताईच्या सासूबाई शेवटपर्यंत 'ती सुनामी' म्हणत राहिल्या, एखाद्या भांडकुदळ शेजारणीबद्दल बोलावं तसं. मी तेव्हा बी.एड. करत होते. सुट्टीत ताईकडे आले होते, ती राहिलेच. टीव्हीवर दिवसभर तीच लाट. ताई उभ्याने बघायची, बसायची नाही. बेटांवरचे फोन बंद पडले होते आणि ठेकेदाराच्या ऑफिसात लावला की 'चौकशी चालू आहे' एवढंच ऐकू यायचं.

ताईचा पंचवटीत फुलांचा गाळा होता. देवाचे हार, पूजेची सुटी फुलं. दोन आठवडे गेले आणि गिऱ्हाइकं अडखळायला लागली. यायची आणि लांबच उभी राहायची. अखेर एका बाईने विचारलंच, "तुमच्याकडे सूतक आहे का हो? नाही, देवाचा हार आहे म्हणून म्हटलं."

सुतकातल्या घरचं फूल देवाला चालत नाही, हे पंचवटीत शेंबड्या पोरालाही माहीत. प्रश्न रास्त होता. मला मात्र त्या बाईच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. ताईने हातातल्या हाराची गाठ मारली आणि म्हणाली, "मेलेलं माणूस दाखवा, मग सूतक धरते."

हे बोलणं बाजारभर झालं. कुणी म्हणालं, बाईला भ्रम झालाय. कुणी म्हणालं, धंदा सोडवत नाही. घरी येणारे नातेवाईक आधी तिच्या कपाळावरचं कुंकू बघायचे आणि मग चहा घ्यायचे. चहा मी करायचे. काहींच्या कपात मी मुद्दाम साखर घातली नाही. सासूबाई रोज तेच घेऊन बसायच्या. "अगं, त्याला गती मिळायला नको का? गुरुजींना बोलाव. पानांचा पुतळा करू, उरकून टाकू." देह सापडत नाही तेव्हा पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात. घाटापासून दोन गल्ल्यांवर राहणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही.

गुरुजी आले. म्हातारे, दम्याने बेजार, सरळ माणूस. ताईने त्यांना पाट दिला आणि विचारलं, "माणूस नुसता बेपत्ता असला तर शास्त्र काय सांगतं?"

"बारा वर्षं वाट बघावी, असं सांगतं," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी सासूबाईंची नजर चुकवली.

"मग बारा वर्षं थांबा. नाहीतर ज्याने डोळ्यांनी पाहिलंय त्याला माझ्यासमोर उभा करा."

"तू थांबशील गं बारा वर्षं. मी कुठून आणू तेवढी?" सासूबाई म्हणाल्या. त्यांनाही चूक म्हणता येईना. आपलं पोर असं अधांतरी लटकलेलं त्यांना सोसत नव्हतं.

ताई वाट बघत बसणाऱ्यातली नव्हती. सकाळी फुलं, दुपारी फोन. एसटीडी बूथवाला तिला बघून खुर्ची रिकामी करायचा. ठेकेदाराचं ऑफिस मुंबईत. आम्ही दोघी तिथे जाऊन बाकावर बसायचो. 'उद्या या' म्हटलं की ताई म्हणायची, "उद्या कशाला? आज बसलेच आहे की." एका खेपेला तिथला कारकून कंटाळून बोलून गेला. त्या साइटवरचा एकजण वाचला होता. बागलाणातल्या नामपूरचा होता आणि घरी पोचला होता.

नामपूरला आम्ही एसटीने गेलो. बाजाराबाहेर कांद्याच्या ट्रॉल्यांची रांग होती आणि तो माणूस एका ट्रॉलीवर बसला होता. दाजींच्याच वयाचा. ताई कोण ते कळल्यावर तो खाली उतरला आणि सरळ चालायला लागला. ताई त्याच्यामागे. "दादा, मी भांडायला नाही आले. तुम्ही पाहिलं की नाही, एवढंच सांगा."

तो थांबला. आमच्याकडे पाठ करूनच बोलला. "देखं, ताई. मन्हा डोयासघाई देखं."

जमीन हादरल्यावर सगळे बराकीतून बाहेर आले होते. मग पाणी दिसलं तसे टेकाडाकडे पळाले. दाजीही पळाले. "आर्धा रस्तामा तो मांगे फिरना," तो म्हणाला. "मेन बंद कराले. मी हाक मारी, चाल, राहू दे! त्यानी हातघाई नुसतं 'जाय' सांगं. मंग पानी उनं."

ताई म्हणाली, "हो. ते मागे गेलेच असतील." मोरीतलं पाणी बाहेर आलं तरी अख्ख्या घराची लाइट घालवणारा माणूस. चालू मेन आणि पाण्यात माणसं, हे त्यांना बघवलं नसतं. खोटं सांगणाऱ्याला हे सुचलंच नसतं. मला रडू फुटलं. ताई त्या माणसाला म्हणाली, "तुम्ही वाचलात ते फार बरं झालं, दादा," तेव्हा तो रस्त्यावरच खाली बसला आणि हमसून हमसून रडला.

परतीच्या एसटीत, सटाणा यायच्या आधी, तिने रुमालाने कुंकू पुसलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पंचवटीत उतरून गाळ्याचं शटर ओढलं आणि शेजारच्या गाळ्यांवर सांगून आली, "आजपासून आम्हाला सूतक."

घाटावर बायका येत नाहीत, असं कुणीतरी म्हणालं. ताई आली, तिच्यामागून सासूबाई आल्या आणि मीही गेले. गुरुजींनी दर्भ अंथरला, पळसाची पानं मांडली, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. हातभर माणूस तयार झाला. इतके दिवस उरका, उरका म्हणणाऱ्या सासूबाईंनी तो पाहिला आणि त्या एकदम अडून बसल्या.

"हा माझा मुलगा नाही. एवढासा नव्हता तो. हात लावू नका कुणी याला."

"पानांची संख्या ठरलेली असते हो," गुरुजी हळूच म्हणाले.

"संख्या राहू द्या तेवढीच," ताई म्हणाली. पदर खोचून ती फरशीवर गुडघ्यांवर बसली. फुलं कमी पडली की हार लांबवायला ती जे करायची तेच तिने केलं. पानापानांत अंतर सोडत गेली. पाय लांबवले, हात लांबवले, खांदे रुंद केले. मध्येच सासूबाईंकडे बघायची. त्या मानेने नाही म्हणायच्या, की पुन्हा सरकायची. माझे दाजी त्या फरशीवर हळूहळू आपल्या उंचीचे झाले.

"आई, बघा बरं."

सासूबाईंनी डोक्यापासून पायांपर्यंत पाहिलं. वाकून एका पानाचा देठ सरळ केला.

"हां," त्या म्हणाल्या. "हा माझा. आता द्या अग्नी."