शेगडीवर वाळवलेलं संशोधन

बसा, चहा गार करू नका. भलं करायला जाऊन घरभर हाहाकार कसा उडवावा, हे कोणाला शिकायचं असेल तर माझ्याकडे या. मी ते एका दुपारीत करून दाखवलेलं आहे.

सत्तर साल उलटून गेलं होतं. आम्ही लोणावळ्यात कौलारू घरात राहायचो. हे रेल्वेत कारकून, आणि माझे धाकटे दीर सुधाकरभाऊजी पुण्याला प्रयोगशाळेत संशोधन करायचे. श्रावणातल्या एका शनिवारी भाऊजी झाकण लावलेल्या दोन काचेच्या थाळ्या घेऊन आले. नवजात बाळ धरावं तशा धरून! सोमवारी त्या मुंबईला न्यायच्या होत्या. तिथल्या यंत्रावर मोठ्या मिनतवारीनं त्यांना वेळ मिळाली होती.

"या वेळी काही दिसलं नाही, तर सर म्हणालेत, विषय बदला," भाऊजी म्हणाले. चेहरा उतरलेला.

"पण आहे काय त्यात?"

"पापुद्रे आहेत, वहिनी. तुमच्या नायलॉनच्या साडीच्याच जातीचे. फक्त यांच्या साखळीत जागोजागी सहा कोनांच्या कड्या असतात. यातून एक वायू जावा आणि दुसरा अडावा, अशी खटपट आहे."

"इवल्याशा पापुद्र्याला कसं कळणार, कोणाला सोडायचं नि कोणाला नाही?"

भाऊजी चुलीपाशी बसले आणि त्यांनी माझं सरपणच पुढं ओढलं. सरळ लाकडं एकमेकांना चिकटवून रचली. "यातून काही जात नाही." मग वाकडी लाकडं रचली. "यात बारीक फटी राहिल्या. लहान असेल तो जाईल, मोठा अडेल. एका थाळीत सरळ साखळ्यांचे पापुद्रे आहेत, दुसरीत वाकड्या."

मला इतकं पटलं म्हणून सांगू! अकरावीपर्यंत कोणी असं शिकवलं असतं, तर रसायनात मी रडले नसते.

रविवारी भाऊजी मित्रांबरोबर भुशीच्या धरणाकडे गेले. मी त्यांच्या खोलीत गळतीखाली पातेली लावायला गेले, तर एक थेंब टपकन थाळीच्या झाकणावर. झाकण उचललं. आत पाणीच पाणी, आणि त्यात सायीसारखे पांढरे पापुद्रे तरंगतायत. दुसरी थाळी उघडली, तीही भरलेली. बाई गं, छपरानं घात केला!

दारात भाजे गावच्या धोंडामावशी भाजीची पाटी घेऊन उभ्या होत्या. "काय वो ताई, असं का त्वांड झालंय?"

मी थाळी दाखवली.

"ह्ये तर पार भिजलंया. शेगडीवर टोपली पालथी घाला नि टाका वर. आमी गोधड्या तशाच वाळवतो. न्हाईतर बुरशी धरंल, लय वंगाळ."

आता लोणावळ्याच्या बाईला श्रावणात दुसरं काय सुचणार? बाळाच्या दुपट्यापासून शाळेच्या वह्यांपर्यंत सगळं आम्ही टोपलीवरच वाळवायचो. मी थाळ्यांतलं पाणी मोरीत ओतलं आणि पापुद्रे टोपलीवर पसरले. सरळ इकडे, वाकडे तिकडे. मिसळू दिले नाहीत, एवढी तरी अक्कल शाबूत होती. ते आकसले आणि काचेसारखे आरपार दिसायला लागले. मला वाटलं, स्वच्छ झाले.

संध्याकाळी भाऊजी आले. "वहिनी, थाळ्यांतलं पाणी?"

"ओतलं. अहो, छपराचं गळून सगळं भिजलं होतं."

"ते मी घातलं होतं."

"मुद्दाम?"

"पाणी गाळायचे पापुद्रे ओलेच ठेवतात. म्हणून हेही..." ते पाटावर मटकन बसले. मी पापुद्रे परत पाण्यात घालून पाहिले. गेलेली साय काही परत आली नाही.

"जाऊ दे रे," हे म्हणाले, "तुला वाळवलं नाही, एवढं समाधान मान."

सोमवारी भाऊजी तेच घेऊन गेले, यंत्र काय रोज मिळतं? रात्रीच्या जेवणाला ते परतले आणि दारातूनच म्हणाले, "वहिनी, ओले होते तेव्हा त्यांतून सगळेच वायू आरपार जायचे. वाळल्यावर आतली भोकं मिटली. सरळ साखळ्यांचा आता काहीच सोडत नाही. पण वाकड्यांचा हायड्रोजन सोडतो आणि नायट्रोजन अडवतो!"

विषय वाचला. आठवड्याभरात सर स्वतः घरी आले. पोहे खाल्ले, शेगडी बघितली आणि मला विचारलं, "किती वेळ ठेवले होते?"

"शेजारी यांचं बनियन टाकलं होतं. ते वाळलं, तसं सगळंच उतरवलं."

सर गंभीरपणे मान हलवून गेले. नंतर भाऊजी निरोप घेऊन आले. प्रयोगशाळेच्या भट्टीत पापुद्रे तडकत होते. सरांचं म्हणणं, बनियनच्या वाफेमुळं आमचे सावकाश वाळले असणार. तेव्हा यांचं एक बनियन पाठवाल का?

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. यांचं सगळ्यात चांगलं बनियन काढलं, धुतलं, टोपलीवर कडकडीत वाळवलं, घडी करून भाऊजींच्या हातात ठेवलं.

भाऊजींनी घडी चाचपून पाहिली.

"वहिनी," ते म्हणाले, "ओलं हवं होतं."