सासूबाईंचं बोलणं मी बदललं

सासूबाईंना हैदराबादच्या एका बड्या हॉटेलातून जेवणाचं आमंत्रण आलं, तेव्हा घरात सगळ्यात जास्त मी हुरळले होते. हे आधीच सांगून टाकते. कारण त्या दुपारी मी ज्यांच्यावर संतापले त्यांच्यात मी स्वतःही आहे, आणि माझ्यावरचा राग बाकीच्यांवरच्या रागापेक्षा जास्त टिकलाय.

मी त्यांना आत्या म्हणते. आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. जळकोटला आमचं घर, घरामागं आत्यांचा शेळ्यांचा गोठा. मी नळदुर्गला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. आत्यांची शाळा दुसरीत सुटली. पण शेळीची पापणी खाली ओढून नुसत्या रंगावरून तिच्या पोटात जंत झालेत का, हे त्या सांगतात, आणि डॉक्टर येऊन तेच सांगून जातात. आपल्या भागातल्या काळ्या शेळ्या त्या लग्न होऊन आल्यापासून पाळताहेत.

त्या हॉटेलात फ्रेंच पद्धतीचं जेवण मिळतं. तिथला मुख्य शेफ आमच्या काळ्या शेळीचं नाव ऐकून एका हिवाळ्यात गावात आला. माणूस दिल्लीकडचा, फ्रान्सात शिकून आलेला. ओसरीवर मांडी घालून बसला, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, जाताना आत्यांच्या पाया पडला. त्याला कोवळी करडं हवी होती. आत्यांना ते पसंत नव्हतं. "आईच्या कासंला लागत्यात अजून," त्या म्हणाल्या. पण माणूस बरा वाटला, म्हणून देऊ लागल्या.

मग आमंत्रण आलं. रविवारी दुपारी निवडक पाहुण्यांसाठी जेवण, आणि ही करडं जिनं वाढवली ती बाई तिथं हजर. दोन दिवस आधी हॉटेलातल्या एका मुलीचा मला फोन आला. "त्यांना नऊवारी नेसवाल का? आणि हातात काठी असेल तर फारच छान दिसेल." आत्या सहावारी नेसतात. काठी त्या शेळ्यांमागं घेतात, जेवायला जाताना कशाला घेतील? तरी मी शेजारच्या म्हातारीकडून लुगडं मागून आणलं आणि काठीही सोबत घेतली. आत्यांनी एकदाच विचारलं, "माझं पातळ काय वाईट हाय का?" मी म्हटलं, "तसं नाही आत्या, त्यांची पद्धत असते." कसली पद्धत, कुणाची, ते मला कुठं माहीत होतं.

पहाटे हॉटेलची गाडी आली. हैदराबादला पोचलो तेव्हा जेवणाला अवकाश होता. आम्हाला कुणी पाणी विचारलं नाही. थेट फोटोला उभं केलं. फोनवर बोललेली तीच मुलगी आली आणि हसत हसत आत्यांचा चष्मा काढू लागली. म्हणाली, चष्म्यामुळं अस्सल वाटत नाही.

"चष्मा काढल्यावर मला दिसायचं कसं?" आत्या म्हणाल्या.

"थोडाच वेळ, आत्या," मी म्हणाले. त्यांचा चष्मा माझ्या पर्समध्ये ठेवला. त्यांची अस्सल शेळीवाली डोळे बारीक करून कॅमेऱ्याकडं बघत राहिली.

जेवणाचं दालन एवढं गार होतं की आत्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. आम्हाला अगदी पुढचं टेबल दिलं होतं. मी चष्मा परत दिला. चमचे, सुऱ्या, काटे दोन्ही बाजूंना ओळीनं मांडलेले. वाढपी एकेक पदार्थ आणायचा आणि कानाशी येऊन त्याचं लांबलचक फ्रेंच नाव सांगायचा. परातीएवढ्या ताटलीत घासभर काहीतरी. आत्यांनी सगळं खाल्लं, हातानं खाल्लं, ताटली पावानं पुसून घेतली. शेजारच्या टेबलावरची एक बाई त्यांच्या बोटांचे फोटो काढत होती. तिनं विचारलं नाही. विचारायची गरज तिला वाटली नाही, आणि मी तिला थांबवलं नाही.

मग करडाचं मटण आलं. दोन बोटांएवढा तुकडा, आतून गुलाबी, खाली वाटाण्याचा हिरवा लगदा. आत्यांनी चावून पाहिलं. "मऊ केलंय. मीठ कमी हाय," म्हणाल्या. त्या दुपारी मला मोकळेपणानं ऐकता आलेला तो पहिला आणि शेवटचा अभिप्राय.

शेफ मध्यभागी उभा राहिला आणि इंग्रजीत बोलायला लागला. मराठवाड्याची उजाड माळरानं, पाणी नाही, शिक्षण नाही, आणि तिथं निसर्गाच्या कुशीत राहणारी ही साधी, भोळी, निरक्षर बाई. आमच्या ओसरीवर बसून जेवलेला माणूस हे बोलत होता. आत्या सौद्यात एका शब्दानं फसत नाहीत, हे त्यानं स्वतः सोसलं होतं. साधी म्हणे! मला संताप आला. तरी मी हसत बसले. चेहऱ्यावर ते हसू कुठून आणलं होतं मी?

"माँजींनी दोन शब्द बोलावेत. सूनबाई आपल्यासाठी इंग्रजीत सांगतील," तो म्हणाला.

आत्या उठल्या. त्यांनी आधी सगळीकडं नजर फिरवली. मीही बघितलं. कुणी अर्धा तुकडा ठेवला होता, कुणी नुसता टोचून बाजूला सारला होता, एका टेबलावर तर चारही ताटल्या तशाच होत्या आणि वाढपी त्या उचलून आत नेत होता.

"ही करडं म्या हातानं दूध पाजून वाढवल्यात," आत्या म्हणाल्या. "आईला दूध कमी पडलं तर बाटलीनं पाजलंय. तुमी खाताव म्हणून दिली. खायाचं तर समदं खावा. असं टाकू नगा. टाकायचं असंल तर मागवू नगा."

सगळे माझ्याकडं वळले. शेफ हसत होता. फोटोवाली बाई फोन सरसावून बसली होती. आणि मी, वर्गातल्या पोरांना अचूक भाषांतर करा म्हणून ओरडणारी मी, इंग्रजीत म्हणाले, "त्या म्हणतात, आज माझ्या शेळ्यांचं सोनं झालं. तुम्ही सगळ्यांनी मला फार मोठा मान दिलात."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

आत्यांना वाटलं, लोकांना पटलं. त्यांचा चेहरा खुलला. त्या खाली बसल्या आणि वाट बघू लागल्या. कोणी ताटलीकडं वळलं नाही. वाढपी उरलेल्या ताटल्या उचलतच राहिले. एक ताटली त्यांच्या अगदी समोरून गेली, तुकडा जसाच्या तसा.

आत्यांनी मान माझ्याकडं वळवली. "तू काय सांगितलंस त्यास्नी?"

मला खोटं रेटता आलं असतं. नाही रेटलं. खालच्या आवाजात सगळं सांगितलं.

"का गं?"

"त्यांना वाईट वाटलं असतं, आत्या."

"आन् मला?"

एवढंच. त्या परत उठल्या, काठी खुर्चीला टेकवून ठेवली आणि टेबलांच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. आणि बोलल्या ते दखनीत. नळदुर्गच्या बाजारात उभी हयात खाटकांशी, व्यापाऱ्यांशी जी भाषा बोलल्या, तीच. मी सोबत असताना त्यांनी ती कधी वापरली नव्हती, आणि हैदराबादला ती सगळ्यांना कळते हे मला एवढी शिकूनही सुचलं नव्हतं.

"देखो जी, मैं क्या बोली वो मेरी बहू बराबर नै बताई. ये जानवरां मैं पाली. खाना है तो पूरा खाव. फेंकना है तो मंगाव नक्को."

वाढपी सगळे थबकले; त्यातल्या एका पोक्त वाढप्यानं मान खाली घालून "सही बोले अम्मा" असं पुटपुटलेलं मी ऐकलं. दोनचार जणांनी ताटली परत पुढं ओढली. बाकीच्यांनी एकमेकांकडं बघून भुवया उडवल्या. फोटोवाल्या बाईनं फोन पर्समध्ये घातला. शेफ लालबुंद होऊन धावत आला, "माँजी, माँजी, गोड पदार्थ यायचाय अजून," म्हणत त्यांच्या खांद्याला धरून वळवू लागला.

"हात काढ," आत्या म्हणाल्या. मराठीत. त्याला तेही कळलं.

आम्ही गोड न खाताच निघालो. जहिराबादजवळ चहाला थांबलो, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या कपातल्या चहात बिस्किट बुडवून मला दिलं. त्यानं मला रडूच आलं. रागाचं रडू होतं ते, आणि राग कुणाकुणावर म्हणून काढायचा?

आठवड्यानं शेफचा फोन आला. झालेल्या गैरसमजाबद्दल वाईट वाटतं म्हणाला, आणि लगेच नाताळासाठी करडं मागितली. आत्यांनी फोन हातात घेतला. "न्हाय देनार," म्हणाल्या आणि ठेवून दिला. पुन्हा त्यांनी कोवळं करडू कुणालाच विकलं नाही.

पण हॉटेलनं तो फोटो इंटरनेटवरच्या त्यांच्या पानावर टाकलाय. हिरवं लुगडं, हातात काठी, चष्मा नाही. खाली अवतरणचिन्हांत इंग्रजी वाक्य: आज माझ्या शेळ्यांचं सोनं झालं, तुम्ही मला मोठा मान दिलात. हजारो लोकांनी ते आवडल्याचं कळवलंय. मी तीनदा लिहिलं, हे त्यांचं वाक्य नाही, काढून टाका. उत्तर येतं, आपल्या प्रतिक्रियेबद्दल आभारी आहोत.

आत्यांनी फोटो बघितला आणि विचारलं, "खाली काय लिवलंय?" मी सांगितलं, शब्दन् शब्द.

"तोंड माझं आन् बोलनं तुझं," त्या म्हणाल्या. "पुसता येत न्हाय का?"

"नाही आत्या, माझ्या हातात नाही."

त्या उठून गोठ्यात गेल्या. मी मोबाईल घेऊन ओसरीवर बसले आणि चौथं पत्र लिहायला घेतलं. या वेळी सुरुवातीलाच लिहिलं की खोटं मी बोलले होते.